योर्माच्या पाठीवरची पट्टी

सौनाची, म्हणजे तळ्याकाठच्या वाफेच्या न्हाणीची, किल्ली हिल्काबाईंनी सकाळीच गळ्यात अडकवली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला कळून चुकलं की संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार. तशी ती किल्ली अगदी बिनकामाची. सौनाच्या दाराला कुलूपच नव्हतं. पूर्वी होतं, ते एका हिवाळ्यात गंजून गळून पडलं. पण तळ्याकाठच्या त्या घरात किल्ली जिच्या गळ्यात, तिचा शब्द शेवटचा. सौना कधी तापवायचा, बटाटे कुठल्या वाफ्यात लावायचे, धक्क्याच्या कुजक्या फळ्या यंदा बदलायच्या की यंदाही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं, जुलैत कुठल्या पाहुण्याला बोलवायचं आणि कुठल्याला 'यंदा डास फार आहेत हो' असं कळवायचं, हे सगळं किल्ली ठरवायची. हिल्काबाईंना ती सासूनं दिली, सासूला तिच्या सासूनं. आता हिल्काबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. सून नव्हती, मुली दोन होत्या. युहान्नुसच्या, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, जेवण झाल्यावर आणि कॉफीच्या आधी, किल्ली देणार असं त्यांनी ईस्टरलाच जाहीर केलं होतं.

कुणाला, ते जाहीर केलं नव्हतं. गरजच नव्हती. थोरली आनेली शांत होती, आणि धाकट्या विर्पीनं बटाट्यांचं पातेलं तळ्यात फेकलं होतं.

त्या घरात वर्षांना आकड्यांनी कुणी ओळखत नसे. 'सांबर स्वयंपाकघरात शिरलं ते वर्ष', 'बाबा होडीसकट बुडता बुडता वाचले ते वर्ष', तसंच 'बटाट्यांचं वर्ष'. तीन उन्हाळ्यांपूर्वी, याच सणाला, याच टेबलाशी विर्पी बसली होती. वय एकोणपन्नास. कित्येक महिने धड झोप नव्हती. शाळेत संगीत शिकवताना पोरांसमोर अंगातून अशा झळा उठत की खिडकी उघडून बर्फात डोकं घालावंसं वाटे, आणि एकदा तिनं ते घातलंही होतं. हिल्काबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "विर्पी, बटाटे अंमळ जास्त उकडलेत." विर्पी उठली, दोन्ही कान धरून पातेलं उचललं, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि बटाटे, शेपू, झाकण, डाव, सगळ्यासकट ते पाण्यात भिरकावून दिलं. मग परत येऊन तिनं विचारलं, "कॉफी कोण घेणार?"

कुणी काही बोललं नाही. त्या लोकांत काही न बोलणं ही शिव्यांची सर्वांत वरची पायरी आहे.

आता विर्पी बरी होती. झोपत होती, हसत होती, गाण्याचे शब्द तिला शेवटपर्यंत आठवत होते. ईस्टरला आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हटलं होतं, "सुधारलीस हं. निघून जातं ते आपोआप. माझं नाही का गेलं?"

"हो," विर्पी म्हणाली होती.

तो 'हो' तेव्हापासून तिच्या पोटात दगडासारखा पडून होता. कारण तिचं काही आपोआप गेलं नव्हतं. तिच्या कमरेखाली पोस्टाच्या तिकिटाएवढी हार्मोनची एक पारदर्शक पट्टी होती, आठवड्यातून दोनदा बदलायची. लेम्पी आत्याचं काय झालं होतं ते सगळं डॉक्टरणीला सांगून, दोन वेळा तपासून घेऊन, तीन वेळा माघारी फिरून मग तिनं ती लावली होती. किल्ली तिला हवी होती, आणि का हवी होती हे ती स्वतःलाही धड सांगू शकली नसती. त्या दिवशी पातेल्याबरोबर या घरातलं आपलं काहीतरी बुडालं आणि ते कुणी वर काढलं नाही, एवढंच तिला वाटे. पण पट्टीची बातमी लागली तर संपलंच. 'म्हणजे शहाणपण औषधाच्या दुकानातलं,' असं आई म्हणेल. मोठ्यानं नाही, नुसत्या भुवईनं.

आईचा सिद्धांत तळ्याच्या दोन्ही काठांना तोंडपाठ होता. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं. पहाटे तळ्यात डुबकी, वर खाजऱ्या पाल्याचा काढा, आणि तोंड बंद. या तीन गोष्टींवर मी निभावलं." आणि निभावलं होतं खरंच. हिल्काबाईंच्या शांतपणाच्या गोष्टी लोक पाहुण्यांना सांगत. नवरा होडीसकट बुडता बुडता काठाला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बूट बाहेर काढ." इतकंच. आणि एवढ्यावर कुणी हार्मोनचा विषय काढलाच, तर त्या नुसतं "लेम्पी" म्हणत. लेम्पी आत्यानं त्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि पुढे तिच्या छातीत गाठ निघाली. लेम्पीचं नाव आलं की चर्चा तिथेच संपे.

थोरल्या आनेलीनं आईच्या सिद्धांताचा वर्गच काढला होता. शहरातल्या त्या वयाच्या बायका दर गुरुवारी तिच्याकडे येत, हिवाळ्यात बर्फात पाडलेल्या भोकात, उन्हाळ्यात नुसत्या तळ्यात मानेपर्यंत उतरत आणि तोंड मिटून बसत. वर्गाचं नाव 'थंड पाणी आणि मौन'. आनेलीचा चेहरा साय धरलेल्या दुधासारखा होता. खाली काय चाललंय ते वरून दिसायचं नाही.

*

बायकांची पाळी आधी, मग पुरुषांची, ही तिथली रीत. तिघी सौनाच्या बाहेरच्या खोलीत कपडे काढत होत्या. विर्पीनं भिंतीकडे तोंड करून पट्टी अलगद सोडवली, चष्म्याच्या डबीत आतल्या बाजूला चिकटवली, आणि डबी बुटात खुपसली. वाफेनं पट्टी सुटते म्हणून ती दर वेळी असंच करी.

"आई, बुटात काय लपवतेस?" तिची लेक ईडा. वय चोवीस, आवाज तळ्यापलीकडे जाईल असा.

"चष्मा."

"चष्मा बुटात?"

"काचेला वाफ लागते."

"बुटातल्या वासानं फुटेल तो," ईडा म्हणाली आणि आत गेली.

आत हिल्काबाई केव्हाच वरच्या फळीवर कोपऱ्यात जाऊन बसल्या होत्या. त्या नेहमी सगळ्यांच्या आधी आत शिरत आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर पडत, कमरेभोवती तागाचा पंचा घेऊन. ही त्यांची शिस्त आहे असं सगळे मानत. किल्ली तेवढी गळ्यातून काढून त्यांनी दाराच्या खिळ्याला लावली होती, कारण तापलेलं लोखंड छातीला डागण्या देतं.

त्यांनी तापल्या दगडांवर पाणी टाकलं. चर्र झालं आणि वाफ चौघींच्या खांद्यांवर उतरली. पाऱ्यानं ऐंशीची रेघ ओलांडली होती. अशा भट्टीत आपण होऊन बसलेल्या त्या बायकांनी मग, अंगात अचानक उकडायला लागणं हा किती भयंकर छळ आहे, या विषयावर बोलायला सुरुवात केली.

"गेल्या गुरुवारी एक नवी आली," आनेली म्हणाली. "पट्टी लावणारी. मी म्हटलं, बाई गं, हे म्हणजे घरात धूर झाला म्हणून धोक्याच्या घंटीच्या तारा कापण्यासारखं. शरीर काहीतरी सांगतंय, ऐक ना त्याचं."

"आणि काय सांगत होतं तिचं शरीर?" ईडानं विचारलं.

"ते ज्याचं त्याला कळतं."

"माझ्या हॉस्पिटलात येतात ना मावशी अशा बायका. त्यांचं शरीर सांगतं की पहाटेचे तीन वाजलेत."

"ईडा," हिल्काबाई वरून म्हणाल्या, "सौनात चर्चसारखं बसावं. वाद बाहेर. ये, पाठीवर मार जरा."

ईडानं बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची ताजी जुडी उचलली. आजीनं पंचा सैल केला, कोपऱ्याकडे तोंड केलं, आणि नातीनं तिला खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून खालपर्यंत चांगलं झोडपून काढलं. पानांचा वास सुटला. हिल्काबाई तृप्त होऊन "हं, हं" करत राहिल्या. बारक्या खिडकीतून पलीकडच्या काठावरचा धूर दिसत होता.

"सौना पेटवला वाटतं त्या पातेलेचोरणीनं पण," त्या म्हणाल्या.

पातेलेचोरीण म्हणजे समोरची साइमी. ईडाच्या जन्माआधी केव्हातरी तिनं हिल्काबाईंच्या सासूचं निळ्या फुलांचं इनॅमलचं पातेलं झिंगे उकडायला म्हणून नेलं आणि परत दिलं नाही. तेव्हापासून या काठानं त्या काठाशी बोलणं टाकलं होतं. साइमी बिचारी अजून दर सणाला आपल्या धक्क्यावर उभी राहून हात हलवी. या काठावरून कुणी हात हलवत नसे.

"जाऊ दे ना आई, एवढ्या वर्षांनी," विर्पी म्हणाली.

"पातेल्याची गोष्ट तू नको बोलूस," हिल्काबाई म्हणाल्या.

विर्पीनं शेजारी पाहिलं. आनेली ताठ बसली होती, पाठ भिंतीला न टेकता, डोळे मिटून. तिची मान हळूहळू पुढे झुकली, झुकली, आणि कपाळ विर्पीच्या खांद्यावर टेकलं. ऐंशी अंशांत, सण साजरा करताना, आनेली चक्क झोपली होती. डोळ्यांखाली काळं होतं. जवळून पाहिल्यावर दिसलं की साय फाटली होती.

"आनेली," विर्पी कुजबुजली.

आनेली दचकून सरळ झाली. "ध्यान लागलं होतं."

"किती दिवस झोपली नाहीस?"

"तुझ्यासारखी पातेली फेकत नाही ना मी? मग," आनेली म्हणाली, आणि तळ्यात डुबकी मारायला निघून गेली.

*

पुरुषांची पाळी होईपर्यंत बायकांनी बर्चखाली टेबल मांडलं. खारवलेला हेरिंग मासा, राय धान्याची काळी भाकरी, लोणी, आणि मधोमध विर्पीनं आणलेल्या नव्या स्टीलच्या पातेल्यात शेपू घातलेले नवे बटाटे. या खेपेला तिनं ते सुरीनं पुन्हा पुन्हा टोचून पाहिले होते. हिल्काबाईंनी एक उचलला, फोडला, चाखला.

"बरोबर उकडलेत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती सरकारी पदकासारखी असे. विर्पीच्या पोटातला दगड जागचा हलला.

तेवढ्यात पुरुष आले. पुढे विर्पीचा नवरा एस्को, मागे आनेलीचा योर्मा. योर्मा म्हणजे लाकडाच्या ओंडक्याला कुणीतरी बिअरचा डबा धरायला दिलाय असा माणूस. कमरेला टॉवेल, वर उघडा, तांबडालाल. विस्तवावरचे सॉसेज उलटवायला तो टेबलाकडे पाठ करून वाकला.

त्याच्या दोन खवाट्यांच्या मधोमध एक पारदर्शक पट्टी चिकटली होती. बाजूला बर्चचं एक पान.

आधी ईडानं पाहिलं. "मावसोबा, तुम्हाला पण पाळी जाण्याचा त्रास होतोय का?"

"अं?" योर्मा म्हणाला.

"पाठीवर हार्मोनची पट्टी आहे."

योर्मानं हात मागे नेला, पोचला नाही, दुसरा नेला, तोही पोचला नाही. मग तो स्वतःभोवती एकदा फिरला, शेपटी पकडू पाहणाऱ्या कुत्र्यासारखा, आणि ते काही जमण्यातलं नाही असं दिसल्यावर पुन्हा सॉसेजकडे वळला. "एस्कोनं मारली जुडी," तो म्हणाला. "तेव्हा काहीतरी चिकटलं असेल."

"मी खिळ्यावर टांगलेली जुडी घेतली," एस्को म्हणाला. "बायकांनी वापरलेलीच."

बायकांनी. विर्पीच्या कानांपर्यंत रक्त चढलं. सुटली कशी? डबीत तर चिकटवली होती. की नव्हती?

आनेलीनं उठून नवऱ्याच्या पाठीवरची पट्टी नखानं सोडवली आणि उजेडात धरली. मग वळली.

"विर्पी. ही तुझी."

"माझी नाही."

"तीन वर्षांपूर्वी पातेलं फेकणारी बाई एकाएकी गाय होते, आणि ही तुझी नाही? मला वाटलंच होतं. मी गुरुवारी चाळीस बायका बघते."

हिल्काबाई बटाटा सोलत होत्या. सालीची लांब, न तुटणारी फीत ताटात उतरत होती. "असं आहे का विर्पी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

विर्पीनं त्यांच्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं. गप्प बसलं तर आळ येतो. बोललं तर किल्ली जाते. ती मुकाट्यानं उठली, सौनाकडे गेली आणि बूट उलटा केला. डबी निघाली. डबीत पट्टी होती, जिथल्या तिथे, छान चिकटलेली. क्षणभर तिला इतका आनंद झाला की आपण निर्दोष ठरायला निघालोय ते नेमकं कशाच्या जोरावर, हे तिच्या लक्षातच आलं नाही. ती धावतच परत आली आणि डबी उघडून टेबलावर आपटली.

"ही बघ माझी! इथे आहे! योर्माच्या पाठीवरची माझी नव्हेच!"

सगळ्यांनी डबीत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे लावतेस," आनेली म्हणाली.

"लावते," विर्पी म्हणाली आणि खाली बसली. आता दडवायला उरलं नव्हतं काही. "दीड वर्ष लावतेय. लेम्पी आत्याबद्दल डॉक्टरणीला सांगून लावतेय. भीती वाटते का? वाटते. दर तपासणीला वाटते. पण मी झोपते, आनेली. सकाळी उठल्यावर मला मी सापडते. आपोआप गेलं म्हणून आईला 'हो' म्हटलं, ते खोटं होतं. किल्ली तू घे."

"मी मागितली का?" आनेलीचा आवाज चिरका झाला. "पण मग ही कुणाची?"

दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. योर्माच्या पाठीवरची मोठी होती, जवळजवळ दुप्पट.

"माझ्याकडे बघू नका," ईडा म्हणाली. "मला अजून पंचवीस वर्षं आहेत."

"मी तर..." आनेली म्हणाली, आणि थांबली.

सौनात चौघी होत्या. त्यातल्या तिघी वजा झाल्या होत्या. टेबलाभोवतीची तोंडं एकेक करून वळली. सगळ्यांत शेवटी योर्माचं, सॉसेजसकट.

हिल्काबाईंच्या हातातली सालीची फीत तुटली.

"बघताय काय?" त्या म्हणाल्या. "बटाटे गार होतायत."

"आई?"

"काढायची विसरले. सकाळपासून किल्लीच्या नादात होते. वय झालं."

"आई, तू?"

"ओरडू नकोस, पाण्यावरून आवाज जातो. त्या काठाला ऐकू जाईल."

"तू म्हणालीस डुबकी!"

"मारतेच की डुबकी."

"काढा!"

"काढाही पिते. रोज. भयंकर असतो." हिल्काबाईंनी बटाट्याला लोणी लावलं. "मी खोटं काही बोलले नाही. पट्टी लावतेस का, असं कुणी विचारलं नाही."

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, दोन घासांच्या मधे. एक उन्हाळा असा आला की स्वतःचं तोंड बघवेना. गावात नवी डॉक्टरीण आली होती, तिनं पट्टी दिली. आठ दिवसांत माणसात आले. मग हार्मोनमुळे गाठी होतात असं संशोधन पेपरात छापून आलं, निम्म्या बायकांनी पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, डॉक्टरीण म्हणाली आपणही थांबू या. "थांबले. महिनाभर. मग तुमचे बाबा स्वतः गाडी काढून मला तिच्याकडे घेऊन गेले. म्हणाले, हिला परत द्या. ती डॉक्टरीण निवृत्त झाली, दुसरी आली. ती दर वर्षी माझं वय मोजून दाखवते, कुरकुरते, तपासते, आणि लिहून देते."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांना शांतता हवी होती."

याचा एकमेकांशी काय संबंध, ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

आनेली उभीच होती. "आणि लेम्पी आत्या?"

हिल्काबाईंनी पहिल्यांदाच सुरी खाली ठेवली. "लेम्पीला ते गोळ्यांमुळे झालं की एरवीही झालं असतं, हे तिच्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मीच तिचं नाव घ्यायचे. लेम्पी म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे."

"पण मी विचारलं नाही!" आनेली म्हणाली. "म्हणून तर मी विचारलं नाही! माझी दर रात्र लेम्पीबरोबर जाते. चार वर्षं मी बर्फात बसतेय, आई. चार वर्षं. मला तिथे आणखीच जाग येते! मला वाटायचं, आई करू शकली ते मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. आणखी थंड पाणी हवं, आणखी गप्प बसायला हवं. चाळीस बायकांना मी गप्प बसायला शिकवलं! तुझं नाव घेऊन!"

"बस, आनेली," हिल्काबाई म्हणाल्या. आणि मग, बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून, "बटाटा घे. बरोबर उकडलेत."

आनेलीनं पातेल्याकडे पाहिलं.

विर्पीला आधीच कळलं. त्या वाटेवरून ती जाऊन आली होती. तिनं हात पुढे केला, आणि मागे घेतला.

आनेलीनं दोन्ही कान धरून पातेलं उचललं. कुजक्या फळ्या टाळत धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. आणि विर्पीपेक्षा कितीतरी सुंदर, गोल, उंच फेकीनं ते नवं स्टीलचं पातेलं बटाटे, शेपू, झाकण, डाव, सगळ्यासकट मध्य-उन्हाळ्याच्या त्या न मावळणाऱ्या उन्हात चमकत तळ्यात गेलं.

ती परत आली. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर सायीचा मागमूस नाही. तिनं दम घेतला आणि विचारलं, "कॉफी कोण घेणार?"

"मी," विर्पी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग आनेली हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. विर्पीनं तिला बाकावर ओढून बसवलं.

"सोमवारी डॉक्टरणीला फोन करीन," आनेली नाक पुसत म्हणाली. "विचारायला. नुसतं विचारायला. लावेन असं नाही."

"नको लावूस. विचार."

"मोहरीची चटणी कुठाय?" योर्मा म्हणाला.

हिल्काबाईंनी गळ्यातून किल्ली काढली. जरा वेळ मुठीत धरून बसल्या. मग टेबलावर ठेवली, दोघींच्या मधोमध, जिथे पातेल्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं तिथे.

"दोघींना एक," त्या म्हणाल्या. "एक झोपते, एक जागी असते. विस्तवाकडे लक्ष राहील."

"आणि धक्क्याच्या फळ्या?" विर्पीनं विचारलं.

"ते आता मला विचारू नका." त्या उठल्या. "मात्र पातेलं काढा कुणीतरी वर. नवं आहे."

हे काम आनेलीचं, यात वाद नव्हता. थंड पाण्यात उतरायची सवय इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडणार होती. तिनं धक्क्यावरून सूर मारला. विर्पी टोकाशी गुडघे टेकून बसली, ईडा तिच्या मागे, आणि कॉफीचा पेला घेऊन हिल्काबाई त्यांच्या मागे. पलीकडच्या काठावर साइमी आपल्या धक्क्यावर येऊन उभी राहिली होती. तिनं दर वर्षीसारखा हात हलवला.

आनेली वर आली. हातात ॲल्युमिनियमचं पातेलं, शेवाळानं हिरवं झालेलं. "हे तुझं, विर्पी! बटाट्यांच्या वर्षाचं!"

विर्पीनं ते मांडीवर घेतलं आणि पदराशी लेकरू धरावं तसं धरून बसली.

दुसऱ्या खेपेला आनेलीनं स्टीलचं आणलं. आत तीन बटाटेसुद्धा टिकून होते. टाळ्या झाल्या.

"ये आता वर, गारठशील," विर्पी म्हणाली.

"थांब. खाली आणखी काहीतरी आहे. गाळात." आणि आनेली पुन्हा दिसेनाशी झाली.

या वेळी तिला बराच वेळ लागला. आधी बुडबुडे आले, मग हात, आणि हाताच्या वर एक जड, चिखलानं माखलेलं भांडं. विर्पीनं ते ओढून फळीवर घेतलं, पाण्यानं विसळलं, अंगठ्यानं चोळलं. चिखलाखालून पांढरं इनॅमल निघालं. मग निळी पाकळी. मग दुसरी.

तळ्यावर इतकं शांत होतं की पलीकडे साइमीच्या कुत्र्यानं अंग झटकलं, तेही ऐकू आलं. विर्पीनं मान वळवून वर पाहिलं. हिल्काबाईंनी कॉफीचा एक घोट घेतला, वाकून त्या निळ्या फुलांकडे नीट निरखून पाहिलं, आणि चेहऱ्यावरची एकही सुरकुती न हलवता त्या म्हणाल्या,

"अगंबाई. साइमीनं परत आणून ठेवलं वाटतं."